डासाच्या पोटातले चोवीस तास

हिवताप डासामुळे होतो, एवढं शाळेत शिकून आपण थांबतो. पण कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डासाकडे हिवतापाचा एकही जंतू नसतो. आईकडून तो येत नाही, डबक्यातल्या पाण्यातून तर नाहीच नाही. डासाला तो माणसाकडूनच मिळतो. आधी आजारी माणसाला चावायचं, मग साधारण दहा ते चौदा दिवस जिवंत राहायचं आणि त्यानंतर एखाद्या निरोगी माणसाला चावायचं, एवढं सगळं जुळून आलं तरच रोग पुढे सरकतो. आणि या सगळ्यातून डासाला काही मिळत नाही. मादीला हवी असतात अंडी. हिवतापाचा परजीवी त्या बाळंतपणाचा फुकटा प्रवासी आहे.

म्हणून या रोगाची साखळी तोडायची तर डास किती मेले यापेक्षा मादीच्या पोटात रक्त गेल्यावर काय घडतं, हे पाहणं जास्त कामाचं ठरतं. परजीवी सगळ्यात दुबळा असतो तो तिथे, पहिल्या चोवीस तासांत.

नर चावत नाही. फुलांतला मध आणि झाडांचा गोड रस यावर नर-मादी दोघांचंही भागतं. मादीला रक्त लागतं ते अंड्यांसाठी, कारण रक्तातल्या प्रथिनांशिवाय ॲनोफिलीसची, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाची, अंडी पिकत नाहीत. एका बैठकीत ती जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं रक्त ओढते. नीट पाहिलं तर पिता पिताच ती शेपटाकडून द्रवाचे बारीक थेंब टाकत असते. रक्तातलं पाणी बाहेर आणि पेशी आत, अशी तिची हातचलाखी चालू असते. मग जड झालेलं पोट घेऊन ती जवळच्या भिंतीवर, कपाटामागे नाहीतर गोठ्याच्या काळोख्या कोपऱ्यात जाऊन बसते. घराच्या भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करतात ती तिच्या या बसण्यावरच बेतलेली असते. दोन-तीन दिवसांत रक्त पचतं, अंडी तयार होतात, रात्री पाण्यावर ती सोडून दिली जातात आणि बाईसाहेब पुन्हा रक्ताच्या शोधात निघतात.

आता थोडं गणित. शंभर माद्यांनी आज हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं असं धरा. परजीवीला डासाच्या लाळेपर्यंत पोचायला बारा दिवस लागतात असं धरा. रोज नव्वद टक्के माद्या जगत असतील तर बाराव्या दिवशी अठ्ठावीस उरतात. रोज ऐंशी टक्के जगत असतील तर उरतात फक्त सात. रोजच्या जगण्यात एवढासा फरक पडला की धोकादायक डासांची संख्या चौथाईवर येते. जॉर्ज मॅकडोनाल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हे गणित मांडलं आणि भिंतीवरच्या फवारणीला त्यातून मोठा आधार मिळाला. डासांची संख्या अर्धी केली तर रोग ढोबळमानाने अर्धा होईल, पण त्यांचं आयुष्य कमी केलं तर रोग त्याहून कितीतरी वेगाने कोसळेल, असा त्याचा अर्थ.

मीलन मादी आयुष्यात बहुधा एकदाच करते. संध्याकाळी एखाद्या झुडपावर किंवा उघड्या जागेवर नरांचे थवे गुणगुणत फिरतात, मादी त्या थव्यात शिरते, हवेतच जोडी जमते आणि काही सेकंदांत सगळं उरकतं. मिळालेले शुक्राणू ती एका छोट्या पिशवीत साठवून ठेवते आणि पुढे प्रत्येक खेपेच्या अंड्यांसाठी त्यातूनच वापरते. आफ्रिकेत हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस गॅम्बिए या जातीत नर शुक्राणूंबरोबर घट्ट जेलीसारखं एक बूचही मादीच्या शरीरात सोडतो. त्या बुचात एक संप्रेरक ठासून भरलेलं असतं. कीटकांना कात टाकायला लावणारं जे संप्रेरक आहे तेच. शास्त्रज्ञ त्याला '२०-ई' म्हणतात. फ्लामिनिया कातेरुच्चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की नराकडून आलेलं हे २०-ई मादीतल्या एका प्रथिनाशी जुळतं आणि अंडी वाढवण्याच्या कामाला जोर देतं. मादी रक्त प्यायली की तिचं स्वतःचं शरीरही हेच संप्रेरक बनवतं. त्याच्या हुकमावर चरबी साठवणारा अवयव कामाला लागतो आणि अंड्यांसाठी बलक आणि चरबी रवाना होऊ लागते.

या २०-ईचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

पोटात जमणारं लग्न

माणसाच्या रक्तात परजीवी एकटाच वाढत असतो. एका लाल पेशीत शिरायचं, तिथे आपल्या प्रती काढायच्या, पेशी फोडून बाहेर पडायचं आणि नव्या पेशी गाठायच्या. थंडी वाजून ताप येतो तो या फोडाफोडीमुळे. पण त्यातले थोडे परजीवी वेगळी वाट धरतात. ते नर किंवा मादी होतात आणि वाट पाहत राहतात. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. आपल्याकडे हिवतापाचे दोन मुख्य परजीवी आहेत, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. फाल्सिपेरमचा गॅमेटोसाइट पिकायला दहा-बारा दिवस घेतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो चंद्रकोरीसारखा दिसतो. व्हायवॅक्सचे गॅमेटोसाइट फार लवकर रक्तात उतरतात. त्यामुळे रुग्ण दवाखान्यात पोचायच्या आधीच त्याने डासांना परजीवी दिलेले असू शकतात. व्हायवॅक्स आटोक्यात आणणं अवघड जातं त्याची जी कारणं आहेत त्यांतलं हे एक.

माणसाच्या अंगात गॅमेटोसाइट काहीच करत नाहीत. त्यांच्यामुळे ताप येत नाही. डासाच्या पोटात गेल्यावर मात्र मिनिटांत चित्र पालटतं. ३७ अंशांवरून तापमान एकदम खाली येतं आणि डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक आम्ल त्यांना भेटतं. एवढ्या खुणांवरून आपण कुठे आलो आहोत हे त्यांना कळतं. नर पंधरा-वीस मिनिटांच्या आत आपला डीएनए तीनदा दुप्पट करतो आणि चाबकासारख्या वळवळणाऱ्या आठ शुक्राणूंत फुटतो.

हे दृश्य माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते ६ नोव्हेंबर १८८० रोजी. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात अल्फॉन्स लाव्हेरां हे फ्रेंच लष्करी डॉक्टर एका सैनिकाचं ताजं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एका गोल काळसर ठिपक्यातून अचानक दोऱ्या बाहेर आल्या आणि आजूबाजूच्या लाल पेशींना ढकलत वळवळू लागल्या. हा रक्तातला मळ नव्हे, जिवंत प्राणी आहे, याची त्यांची खात्री पटली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब थंड पडला होता आणि नर गॅमेटोसाइटला वाटलं होतं की आपण डासाच्या पोटात पोचलो. डासाचा आणि हिवतापाचा संबंध जगाला ठाऊक व्हायला अजून सतरा वर्षं होती, पण डासाच्या पोटातला प्रसंग लाव्हेरांनी काचेवर बघितलासुद्धा.

सतरा वर्षांनी तो संबंध सापडला सिकंदराबादेत. रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासांकडून चावून घ्यायला तयार केलं, दर डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्ट १८९७ रोजी, रक्त प्यायल्याच्या चौथ्या दिवशी, त्यांनी त्यातल्या एका मादीचं पोट उघडलं. पोटाच्या भिंतीत काही गोल पेशी होत्या आणि त्यांत हिवतापाच्या रक्तात दिसतात तसलेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या मादीत त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या दिसल्या. वाढतंय म्हणजे जिवंत आहे.

रॉस यांना दिसल्या त्या पेशींना ऊसिस्ट म्हणतात. पण रक्तापासून ऊसिस्टपर्यंतचा रस्ता फार वाईट आहे. शुक्राणू आणि बीज एकत्र येऊन जो जीव बनतो तो साधारण दिवसभरात लांबट होऊन सरपटू लागतो. त्याला ऊकिनेट म्हणतात. रक्त प्यायल्यावर मादीच्या पोटात त्या रक्ताभोवती एक पडदा तयार होतो. ऊकिनेटला तो भेदायचा असतो, मग पोटाच्या पेशींतून आरपार जायचं असतं आणि पलीकडच्या पातळ अस्तराखाली जागा धरायची असते. मागून पचनाचे रस अंगावर येत असतात. शेकडो-हजारो गॅमेटोसाइट आत जातात आणि खेड्यापाड्यांत पकडलेल्या डासांत शेवटी ऊसिस्ट सापडतात ते बहुतेक वेळा पाचाच्या आत, कधी एखादाच.

तो एखादाही पुरतो. एका ऊसिस्टमध्ये हजारो स्पोरोझोइट, म्हणजे माणसाला लागण करणारे परजीवी, तयार होतात, ऊसिस्ट फुटला की ते लाळग्रंथींकडे जातात आणि पुढच्या चाव्यात माणसाच्या कातडीखाली उतरतात. म्हणजे आधी हजारांचे पाच, मग पाचांचे हजारो. अडवायचंच असेल तर ते पाचांच्या जागी अडवावं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

डासही लढतो

डासाला माणसासारखी प्रतिपिंडं बनवता येत नाहीत. आधी भेटलेला शत्रू पुढच्या वेळी ओळखून त्याच्यावर नेमका मारा करायचा, ही सोय त्याच्याकडे नाही. तरी तो अगदीच उघडा नसतो. ऊकिनेट पोटाच्या पेशीतून घुसतो तेव्हा ती पेशी जखमी होते, मरता मरता नायट्रिक ऑक्साइडसारखी तिखट रसायनं सोडते आणि त्या ऊकिनेटवर रासायनिक डाग पडतो. तो पलीकडे निघाला की डासाच्या रक्तातलं टेप-१ नावाचं प्रथिन त्याला चिकटतं. चिकटलं की बहुतेक वेळा ऊकिनेट संपला. माणसाच्या रक्तातही याच घराण्यातलं प्रथिन जंतूंना चिकटून त्यांचा काटा काढत असतं. कीटक आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण हत्यार जपलं गेलं.

एलेना लेवाशिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डासांतलं टेप-१ बंद करून पाहिलं. त्या डासांत परजीवींची संख्या कैक पटींनी वाढली. आपण ज्यांना हिवताप पसरवणारे म्हणतो ते डाससुद्धा बहुतांश ऊकिनेट स्वतःच मारतात, असं त्यातून दिसलं. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत निवड करत करत ॲनोफिलीस गॅम्बिएचा असा वंश तयार झाला होता की त्याच्या पोटाच्या भिंतीत पोचलेला जवळजवळ प्रत्येक परजीवी काळ्या रंगद्रव्याच्या कवचात कोंडून मरत असे. पोट उघडलं की काळे टिपके दिसायचे. हिवताप पसरवू न शकणारा डास निसर्गात शक्य आहे, याचा तो पुरावा.

त्याचा पुरावा आपल्या खेड्यांतही आहे. भारतातल्या ग्रामीण हिवतापाचा सगळ्यात मोठा वाटा ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस या डासाकडे जातो. पण हा एक डास नाही, दिसायला हुबेहूब सारख्या पाच भावंडांचा तो गट आहे, ए पासून ई पर्यंत. त्यातलं बी हे भावंड हिवताप पसरवण्यात अगदीच कच्चं आहे. एखाद्या गावात डास भरपूर आणि हिवताप नावाला, असं दिसलं तर त्यामागे हेही कारण असू शकतं. नुसते डास मोजून काही कळत नाही.

मग सगळेच परजीवी डासाच्या हातून मरत का नाहीत? कारण फाल्सिपेरमने त्यावर उतारा शोधला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कॅरोलिना बारियास-म्युरी यांच्या गटाने २०१३ मध्ये पीएफएस-४७ नावाचं परजीवीच्या अंगावरचं एक प्रथिन पुढे आणलं. ते असेल तर डासाची यंत्रणा ऊकिनेटला ओळखत नाही. गंमत अशी की या प्रथिनाचे वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या खंडांत चालतात. आफ्रिकेतल्या डासांना फसवणारा नमुना दुसऱ्या खंडातल्या डासांपुढे पकडला जातो. फाल्सिपेरम आफ्रिकेतून जगभर पसरला तो दर ठिकाणच्या डासाशी नव्याने जमवून घेत, असं त्यावरून दिसतं.

अंडी आणि संरक्षण, एकाच पैशात

रक्त पोटात गेलं की एकाच वेळी मादीच्या शरीरात दोन कामं सुरू होतात. अंडी वाढवायची आणि घुसखोर मारायचे. दोन्हींचा खर्च त्याच रक्तातून निघतो आणि दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत.

२०१०चा एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. अंड्यांना चरबी पोचवणारं लायपोफोरिन आणि बलक बनवणारं व्हायटेलोजेनिन ही दोन प्रथिनं शास्त्रज्ञांनी मादीत कमी केली. अंडी कमी होणार हे उघडच होतं. पण त्याबरोबर टेप-१ ऊकिनेटना जास्त प्रमाणात चिकटू लागलं आणि परजीवी जास्त मरू लागले. याचा अर्थ, नेहमीच्या परिस्थितीत अंड्यांची तयारी जोरात असते तेव्हा संरक्षणाला थोडी ढील मिळते. परजीवी नेमका त्याच वेळी भिंत ओलांडतो. त्याला दुसरी वेळच नाही, कारण तो आत आला तोच त्या रक्ताबरोबर.

एवढ्यावरून वाटेल की अंडी थांबवली की हिवताप थांबला. इथे गोष्ट अवघड होते. कातेरुच्चा यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१९ मध्ये मगाशी सांगितलेल्या २०-ई संप्रेरकात निरनिराळ्या प्रकारे ढवळाढवळ करून अंडी बनवणं बिघडवलं. ऊसिस्टची संख्या खरोखरच घटली. पण जे ऊसिस्ट उरले ते झपाट्याने वाढले आणि त्यांच्यातले स्पोरोझोइट लवकर तयार झाले. अंड्यांकडे जायची चरबी शिल्लक राहिली होती आणि परजीवींनी ती वापरली. पंगतीत पाहुणे कमी आले की उरलेल्यांच्या पानात दोन लाडू जास्त पडतात, तसं. मघाचं बारा दिवसांचं गणित आठवा. परजीवी दोन दिवस आधी तयार झाला तर तेवढ्या जास्त माद्या तोपर्यंत जिवंत असतात. म्हणजे डासांना नपुंसक करण्याची एखादी युक्ती अर्धवट लागू पडली तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जाऊ शकतं.

याच कामातून दुसरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. परजीवी मादीच्या तोंडचा घास हिसकावत नाही. अंड्यांना लागेल तेवढं अंड्यांना मिळतं, तो उरलेल्यावर जगतो. यजमान अशक्त झाली तर लाळेपर्यंत पोचायच्या आत मरेल आणि मग सगळंच मुसळ केरात. इतक्या क्षुद्र जीवाला हे 'कळतं' असं म्हणायचं नाही. ज्यांनी डासाला मारलं ते पुढे गेले नाहीत, एवढंच.

पुढे २०२०च्या अखेरीस असंही दिसलं की पहिल्या रक्तानंतर काही दिवसांनी मादी पुन्हा रक्त प्यायली तर परजीवी आणखी लवकर तयार होतो. प्रयोगशाळेत डासाला बहुतेकदा एकदाच रक्त देऊन दिवस मोजायची पद्धत होती. घराघरांतली मादी दर दोन-तीन दिवसांनी पिते. पुस्तकातले दहा ते चौदा दिवस म्हणूनच जरा हात राखून वाचावेत.

नराच्या बाबतीतही प्रजनन आणि प्रतिकार वेगळे नाहीत. परजीवीला मारणारं टेप-१ नराच्या वृषणांतही सापडतं, आणि तिथे ते खराब झालेल्या शुक्राणूपेशी वेचून काढतं. २०१५ मध्ये हे लक्षात आलं. ते काढून घेतलं तर नराची प्रजननक्षमता घटते. तेव्हा टेप-१ बदलून डासाला हिवतापाविरुद्ध कडक करू पाहणाऱ्याने त्याच्या संसाराचाही विचार करायला हवा.

वाट कुठे कुठे अडवता येते

डासाच्या पोटात आपला हात पोचत नाही, पण आपलं रक्त पोचतं. ही साधी गोष्ट १९७६ मध्ये रिचर्ड कार्टर आणि रॉबर्ट ग्वाड्झ यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना वापरली. गॅमेटोसाइटविरुद्ध लस दिलेल्या पक्ष्यांचं रक्त डासांनी प्यायलं तर त्याबरोबर प्रतिपिंडंही पोटात जातात आणि परजीवीचं मीलन तिथल्या तिथे मोडतं. माणसासाठी याच कल्पनेवर पीएफएस-२५, पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ या परजीवीच्या प्रथिनांवर काम चालू आहे. आफ्रिकेतल्या मालीमध्ये त्यातल्या काही लसींच्या माणसांवर चाचण्याही झाल्या. अडचण विज्ञानापेक्षा माणसाच्या स्वभावाची आहे. ही लस घेणाऱ्याला स्वतःला हिवताप होऊ शकतो, फक्त तो पुढे शेजाऱ्याला देणार नाही. अशी लस टोचून घ्यायला किती जण रांग लावतील? म्हणून तिला आजार टाळणाऱ्या लसीची जोड देण्याकडे कल आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२५ मध्ये जाहीर केलेली 'ॲडफाल्सिव्हॅक्स' ही लस त्याच धाटणीची आहे. तिचा एक भाग चाव्यानंतर आधी यकृतात शिरणाऱ्या परजीवीला रोखण्यासाठी आणि दुसरा डासाच्या पोटातल्या परजीवीसाठी. जाहीर झाली तेव्हा ती माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेली नव्हती, हे बातम्यांच्या मथळ्यांत जरा मागे पडलं.

दुसरी वाट डासाच्या आतड्यातल्या जिवाणूंची. स्पेनमध्ये एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासांना हिवतापाची लागण होईनाशी झाली. शोध घेता त्यांच्या पोटात डेल्फ्टिया नावाचा जिवाणू सापडला. तो हार्मेन नावाचं रसायन सोडतो आणि परजीवीची सुरुवातीची वाढ खुंटते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अपघाताने हाती लागलेल्या अशा गोष्टींवर माझा जरा जास्त विश्वास बसतो, कारण तिथे डास नेहमीसारखा जगत असतो, कुणी त्याला मुद्दाम काही केलेलं नसतं.

तिसरी वाट मच्छरदाणीची, पण वेगळ्या अर्थाने. २०१९ मध्ये दिसलं की ॲटोव्हाक्वोन हे हिवतापाचं औषध लावलेल्या काचेवर मादी सहा मिनिटं बसली तरी पायांतून पुरेसं औषध आत जातं आणि तिच्या पोटात परजीवी वाढत नाही. कीटकनाशकांना डास दाद देईनासे होत असताना, डास मरो न मरो, परजीवी मरेल, असा हा विचार आहे.

सगळ्यात जास्त चर्चा असते जनुकांच्या वाटेची. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात २०१८ मध्ये ॲनोफिलीस गॅम्बिएच्या मादीपणाशी जोडलेल्या डबलसेक्स जनुकात असा बदल केला की तो नेहमीच्या निम्म्याऐवजी जवळजवळ सगळ्या संततीत उतरतो. आई-बाप दोघांकडूनही हा बदल मिळालेल्या माद्यांना ना चावता येतं ना अंडी घालता येतात. पिंजऱ्यातले डास सात ते अकरा पिढ्यांत संपले. कॅलिफोर्नियातल्या गटांनी दुसरा मार्ग धरला. डास राहू दे, फक्त त्याच्यातून परजीवी जाता कामा नये. २०२५ मध्ये त्यांनी स्टीफेन्सीच्या फ्रेप-१ या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं. ऊकिनेटला पोटाची भिंत ओलांडायला हे प्रथिन मदत करतं. बदल झालेल्या डासांत परजीवी सहजी लाळेपर्यंत पोचत नाही, आणि पिंजऱ्यात हा बदल दहा पिढ्यांत पाव हिश्शावरून नव्वद टक्क्यांच्या वर गेला.

हा स्टीफेन्सी आपला गाववालाच. १९०१ मध्ये लिस्टन या इंग्रज डॉक्टरने वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या डासांचा अभ्यास केला तेव्हा त्याची शास्त्रात नोंद झाली. मुंबई-पणजीत गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामांवरचं साठलेलं पाणी यांत वाढणारा हिवतापाचा डास तोच. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि तेव्हापासून तिथल्या शहरांत पसरतो आहे.

पिंजरा सोडून बाहेर यायची वेळ आली की प्रश्न डासाचा राहत नाही. बुर्किना फासोमध्ये जनुक बदललेले डास सोडण्याची तयारी काही वर्षं चालली होती. सुरुवातीचे सोडलेले डास वांझ नर होते, त्यांच्यात पुढे पसरणारं काही नव्हतं. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सगळं काम थांबवलं. मला यात सरकारचं अडाणीपण दिसत नाही. एकदा सोडलेला असा बदल परत बोलावता येत नाही, तेव्हा ज्यांच्या अंगणात तो सोडायचा त्यांना नाही म्हणायचा हक्क हवाच.

या सगळ्या झळाळत्या गोष्टींशेजारी एक जुनी, स्वस्त गोळी आहे, आणि डासाच्या पोटातली साखळी आज प्रत्यक्षात तोडते आहे ती तीच. प्रायमाक्विन. फाल्सिपेरमच्या रुग्णाला आपल्याकडे मुख्य औषधांबरोबर दुसऱ्या दिवशी तिचा एकच डोस देतात. ताप उतरवायला तिचा उपयोग नाही. ती फक्त पिकलेले गॅमेटोसाइट मारते. व्हायवॅक्समध्ये हीच गोळी चौदा दिवस देतात ती वेगळ्या कारणासाठी, यकृतात दडून बसलेले परजीवी काढायला. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत, आणि जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी तिने फुटू शकतात. त्यामुळे ती मनाने घ्यायची गोळी नव्हे. पण गडचिरोलीसारख्या फाल्सिपेरमच्या मुलखात आशाताई समोर बसून ती गिळायला लावते तेव्हा रुग्णाला तिचा फायदा दिसत नाही, कारण तो त्याचा नसतोच. ताप गेला, अंगात तरतरी आली, तरी ही गोळी न घेतलेल्या माणसाच्या रक्तात चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट काही आठवडे टिकून राहू शकतात. आणि त्याच्या झोपडीत दर दोन-तीन रात्रींनी अंड्यांसाठी रक्त शोधणारी मादी येतच असते.